रेणू म्हणायचं राहून गेलं

काल तुमची शोकसभा झाली आणि लोक पुन्हा हसले.

तुमच्या फोटोला हार घातला होता, उदबत्ती लावली होती, कॉलेजचा हॉल भरला होता, आणि लोक हसले. अगदी खो खो नाही. शोकसभेत हसतात तसं, तोंडावर रुमाल धरून, मान खाली घालून. पण ते हसू मला लगेच ओळखू आलं. दोन वर्षांपूर्वी व्याख्यानमालेच्या मांडवात याच माणसांनी तुम्हाला हसून घेतलं होतं, आणि तुम्ही गळ्यात हार घेऊन त्यांच्याबरोबर हसत उभे होतात. मी त्या दिवशीही चिडले होते, आजही चिडले आहे. आणि सगळ्यांत आधी तुमच्यावर चिडले आहे. बाकीच्यांशी भांडायला मला पुष्कळ दिवस मिळतील.

घरात माणसं आहेत. तुमच्या आई बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या आहेत. येणारी प्रत्येक बाई मला सांगते, रडून घे, मोकळी हो. मला इथं रडू येत नाही, भांडण येतंय. ते मी कुणाशी करू? लग्न झाल्यापासून तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी केलंय का मी?

आपलं पहिलं भांडण रेडिओवरून झालं, आठवतं? मी नातेपुत्याची. आम्हीही लिंगायतच, पण घरात मराठी. कन्नडचा एक शब्द मला येत नव्हता. तुम्ही अक्कलकोटच्या खालच्या अंगाचे. घरात कन्नड, शाळा कन्नड, पुढं कॉलेज इंग्रजीत. मराठी तुम्ही बाजारात आणि मोटारस्टँडवर उचललीत, आणि ती तशीच राहिली. लाटेला 'तो लाट' म्हणायचात, खुर्चीला 'तो खुर्ची'. मी मुलींच्या शाळेत आठवीला शास्त्र शिकवणारी बाई. मला ते ऐकवत नसे. संध्याकाळी तुम्हाला रेडिओवर धारवाड हवं असायचं आणि मला पुणे. तुम्ही काटा फिरवायचात, मी तो परत फिरवायचे. असंच एकदा मी बटण घट्ट धरून ठेवलं, तेव्हा तुम्ही रागवायचं सोडून एकदम खूश झालात.

"बघ," म्हणालात, "धारवाडची जागा ठरलेली, पुण्याची जागा ठरलेली. तसंच आहे की तिथं वर पण."

मग भाकरी थंड होईपर्यंत मला वरचं सांगत बसलात. आपल्या आकाशगंगेच्या बाहेर दुसऱ्या दीर्घिका आहेत, प्रत्येकीत अब्जावधी तारे, आणि ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत विरळ वायू. त्या वायूत काय आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. पण प्रत्येक जातीच्या कणाची रेडिओच्या काट्यावर आपली जागा ठरलेली. दीर्घिकेच्या मध्यातून रेडिओच्या लाटा निघतात, वाटेतला वायू त्यातला नेमका आपल्या जागेवरचा एवढासा घास खातो, आणि इथं दुर्बिणीत तेवढीच जागा कमी भरते. काय खाल्लं त्यावरून कोण खाणारा ते ओळखायचं. आणि ती दीर्घिका आपल्यापासून लांब पळत असली तर ही जागा जराशी सरकलेली सापडते. किती सरकली असेल त्याचा हिशेब आधीच असतो, म्हणून बरोबर तिथंच कान लावायचा.

"असं करून परवा-परवा दुसऱ्या दीर्घिकेत अणू सापडले," तुम्ही म्हणालात. "ऑक्सिजन नि हायड्रोजन धरून बसलेले."

"धरून बसले असतील तर अणू कसे?" मी म्हटलं. "रेणू म्हणा. आठवीतल्या पोरींना कळतं ते."

झालं. तिथून जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

तुमच्या शाळेच्या पुस्तकात ॲटम म्हणजे परमाणू आणि मॉलिक्यूल म्हणजे अणू. माझ्या पुस्तकात ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. एकच शब्द, पण तुमच्या घरी तो जोडीचा आणि माझ्या घरी एकट्याचा. तुम्ही म्हणायचात, "कन्नडात तसं, तेलुगूत तसं, हिंदीत तसं. तुमचं मराठीच तेवढं उलटं चालतंय." मी म्हणायचे, सोलापुरात राहायचं तर उलटंच चालायचं. त्यावर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "आणि रेणू म्हणजे तू. तुला आकाशात कशाला शोधू मी? स्वयंपाकघरात आहेस की."

माझं नाव रेणुका. आबा, म्हणजे माझे वडील, मला आक्का म्हणतात, तुमच्या घरी मी वैनी, शाळेत बाई. रेणू म्हणणारे तुम्ही एकटेच. तेही दार लोटलेलं असलं तरच. आई किंवा कुणी पाहुणा घरात असला की मी लगेच 'अगं' होत असे. माझीही तीच गत. तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढं 'अहो' वर संसार झाला. याच्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आपल्यालाही नाही.

मग व्याख्यानमालेवाले आले. शास्त्रावर बोला म्हणाले, इंग्रजीत चालेल. तुम्हीच म्हणालात, मराठीत बोलतो. तुम्ही का म्हणालात ते मला ठाऊक आहे. बंगळूरच्या मित्राकडून जुनी मासिकं यायची, ती वाचून तुमचं पोट भरलेलं असायचं आणि सांगायला मी एकटी. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीनंतर तिथं फॉर्मल्डिहाइड सापडलं होतं, आपल्या कॉलेजात बेडूक ज्या बरण्यांत ठेवतात तिथं वास येतो ते. मग कार्बन मोनॉक्साइड, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटली की माणसाला मारतो तो. तुम्ही म्हणायचात, हे वास आणि हा धूर लाखो प्रकाशवर्षांच्या अंतरावरून ओळखू येतोय आणि सोलापुरात कुणाला पत्ता नाही, हे काही खरं नाही. मला त्या वेळी तुमचा फार अभिमान वाटला होता. आज तो आठवला की जास्तच राग येतो.

तयारी मी करून घेतली. मी शेंगाची चटणी कुटत बसायचे आणि तुम्ही समोर पाटावर बसून बोलायचात. 'अणू' आलं की मी बत्ता जोरात आपटायचे. सुरुवातीला उखळ फुटतं की काय असं झालं होतं. हळूहळू तुम्ही 'रेणू' म्हणायला लागलात. पहिल्यांदा म्हणालात तेव्हा हसलात, मी डोळे वटारले. नंतर नुसते कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. शेवटी शेवटी चटणी कुटून संपायची तरी बत्ता आपटावा लागत नसे. लाटेलासुद्धा तुम्ही 'ती' म्हणायला लागला होतात. व्याख्यानाच्या फलकावरही ठळक अक्षरांत रंगवून घेतलं होतं: दुसऱ्या दीर्घिकांतले रेणू.

आणि त्या दिवशी दुपारी आबा आले. माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं, आहेरासाठी चादरी घ्यायच्या म्हणून ते नातेपुत्याहून निघून अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत फिरून आले होते. गाठोडं घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापूंचं भाषन हाय म्हनं आज. मग मी न्हाय व्हय येनार?" तुमचा चेहरा तेव्हाच उतरला होता. मला वाटलं, भाषणाची धास्ती असेल.

आबा पहिल्या रांगेत बसले. जावयाचं भाषण म्हणजे मागं कशाला बसायचं? फेटा, मांडीवर चादरींचं गाठोडं, आणि नजर तुमच्यावर. तुम्ही बोलायला उभे राहिलात. दीर्घिका छान सांगितल्यात. रेडिओचा काटा छान सांगितलात, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणालात, "अशा या वायूमध्ये जे रे—" आणि थांबलात. आबांकडे पाहिलंत. पाणी प्यायलात. परत सुरू केलंत, "अशा या वायूमध्ये जे अणू सापडले..."

मी खोकले. बायकांच्या बाजूनं चांगला मोठा खोकला काढला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुढं सुटलात, अणू, अणू, अणू. डोक्यावर एवढा मोठा फलक, त्यावर रेणू लिहिलेलं, आणि खाली तुम्ही अणू म्हणताय. मला कळेना हा माणूस करतोय काय. इतके दिवस कुटलेली चटणी सगळी पाण्यात.

राजस्थानात अणुस्फोट होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, लोकांच्या डोक्यात अणू म्हणजे बॉम्ब. मागच्या रांगेतून एका माणसानं विचारलंच, "सर, तितं अणू सापडला म्हंजे तितं बी बॉम्ब फोडत्यात व्हय?" तुम्ही म्हणालात, "नाही ओ, हा तसला अणू नाही." "मग कसला?" तो म्हणाला. आणि तुमच्याकडे शब्दच उरला नाही. एकच शब्द होता, तो तुम्ही गिळून बसला होतात.

मग अध्यक्ष उठले. शाळेची गाइडं लिहिणारे, प्रत्येक मांडवात अध्यक्ष असणारे. ते म्हणाले, हायड्रोजनचे अणू दुसऱ्या दीर्घिकांत आहेत हे तर कित्येक वर्षांपूर्वीच कळलंय, मग प्राध्यापकांनी नवीन ते काय सांगितलं? फलकावर रेणू आणि तोंडात अणू. सर आकाशात इतके वर गेले की आठवीचं पुस्तक खालीच राहिलं. मांडव हसला. ते म्हणाले, अर्थात शेजारच्या भाषेतून आलेल्या पाहुण्याला आपण सांभाळून घेतलं पाहिजे. मांडव आणखी हसला. पाहुणा! या जिल्ह्यात जन्मलेला माणूस. आणि तुम्ही? तुम्ही हार सावरत हसलात.

परतताना आबा गाठोडं खांद्यावर टाकून पुढं चालले होते. म्हणाले, "भाषन झ्याक झालं की. लोकास्नी लई हसवलं." ते पुढं गेल्यावर मी तुम्हाला धरलं. काय झालं होतं तुम्हाला?

तुम्ही इकडंतिकडं पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "मामांच्या पुढ्यात तुझं नाव कसं घेऊ गं?"

"ते शास्त्राचं नाव आहे हो!"

"तुला शास्त्राचं. मी रोज हाक मारतो की त्यानं. एकदा आलं असतं तर निभावलं असतं. तासभर रेणू रेणू करत उभा राहिलो असतो तर ते काय म्हणाले असते?"

खरं सांगते, तिथं मी हसले. भर रस्त्यात पदर तोंडात कोंबून हसले. एवढं प्रेमाचं बोलणं मला तुमच्याकडून आधी कधी मिळालं नव्हतं आणि नंतरही मिळालं नाही. तुम्हाला शरम वाटली म्हणून एका अख्ख्या विषयाची माती झाली, आणि मला वाटलं, होऊ दे. घरी पोचेपर्यंत वाटलं.

दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरात चौकट आली, 'प्राध्यापकांना अणू-रेणूतला फरक कोण सांगणार?' मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, दोन ओळी लिहून द्या. माझं नाव काढू नका, पण एवढं तरी लिहा की कन्नड पुस्तकात मॉलिक्यूलला अणू म्हणतात. तुम्ही म्हणालात, "इर्ली बिडु." असू दे, सोडून दे. लग्नानंतर मी शिकलेलं पहिलं कन्नड वाक्य ते, कारण सगळ्यांत जास्त वेळा तेच ऐकलं. मी विचारलं, का सोडू? तुम्ही म्हणालात, सीमेचं भांडण आधीच धुमसतंय, कन्नडचं नाव काढलं की म्हणतील, बघा, पोटात कन्नड ठेवून मराठीत मिरवायला आला. आणि वर म्हणालात, "त्या वायूला काय फरक पडतो, अणू म्हटलं काय नि रेणू म्हटलं काय?"

त्याला नसेल पडत. मला पडत होता. पोरं कॉलेजच्या व्हरांड्यात तुम्हाला 'अणू सर' म्हणायची, ते मला मंडईत ऐकू यायचं. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. त्या दिवसानंतर चार लोकांत तुम्ही मराठीत शास्त्रावर बोलला नाहीत. बोलावणी आली, प्रकृतीचं कारण सांगितलंत. कॉलेजात इंग्रजी, आईंशी कन्नड, मराठी फक्त माझ्याशी. आणि माझ्याशी बोलताना दार लोटलेलं असलं की 'रेणू' अगदी मोकळं यायचं, वायूतलाही आणि घरातलाही.

मग ते पाणी सापडलं. आठवतंय का? दुसऱ्या एका दीर्घिकेतल्या वायूत पाण्याचे रेणू, त्यांची लाट जोरात येत होती. तुम्ही मासिक हातात घेऊन स्वयंपाकघरात आलात, चपलांसकट, आणि मी ओरडायच्या आत माझ्याभोवती एक फेरी मारलीत. मी म्हटलं, हे तरी सांगा लोकांना. नळाला पाणी एक दिवसाआड येतं या गावात. पाण्याचं नाव काढलं तर सगळं गाव ऐकेल. तुमचा चेहरा पडला. म्हणालात, "पाण्याचा काय म्हणू? अणू म्हटलं तर हसतील. आणि दुसरं मला चारचौघांत जमायचं नाही." केवढी मोठी बातमी, आणि सोलापुरात ती तुम्हाला आणि मला सोडून बहुतेक कुणालाच ठाऊक नव्हती. मासिक तुम्ही रेडिओखाली ठेवून दिलंत. अजून तिथंच आहे.

मी तेव्हा तुम्हाला भित्रे म्हटलं होतं. त्यावर तुम्ही काहीतरी सांगणार होतात, तेवढ्यात आई आत आल्या आणि मी 'अगं' झाले. तुम्ही काय सांगणार होतात? परत कधी विचारायचं सुचलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या जिन्यात छातीला हात लावून बसलात ते बसलातच. आपल्यात बसवूनच पुरतात. कपाळाला विभूती लावून तुम्हाला मातीतही बसवलं. पुरुषमाणसं परत येऊन म्हणाली, चेहरा शांत होता. असणारच! आयुष्यभर 'असू दे' म्हणून बसून राहिलेल्या माणसाचा चेहरा शांत नसेल तर कुणाचा असेल? मला तुम्हाला हलवून उठवावंसं वाटत होतं. उठा, त्या लोकांना सांगा, मग जा कुठं जायचं तिकडं.

आणि काल ती सभा. तेच अध्यक्ष. माइकसमोर उभे राहिले, चष्मा काढला, गळा दाटल्यासारखा केला आणि म्हणाले, "सर म्हणजे लहान मुलासारखे भोळे. आकाशातलं सगळं कळायचं, पण अणू आणि रेणू त्यांना शेवटपर्यंत एकच." तिथं लोक हसले.

मी भिंतीकडेला बायकांत बसले होते. उठले. जाऊबाईंनी पदर ओढला, तो त्यांच्या हातून सोडवून घेतला. मी म्हटलं, "सिद्रामप्पांना फरक कळत होता."

हॉलमध्ये कुणी हलेना. एवढं काय झालं ते मला क्षणभर कळलं नाही. मग लक्षात आलं, मी तुमचं नाव घेतलं होतं. उखाण्याशिवाय, पन्नास पुरुषांत, तुम्ही गेल्यावर. घेतलं ते घेतलं. पुढं म्हटलं, "सिद्रामप्पांच्या शाळेच्या पुस्तकात मॉलिक्यूलला अणू होतं. इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात कन्नड नाहीतर तेलुगू बोलतात. त्यांच्या पुस्तकातही तेच होतं. त्या दिवशी मांडवात ते सगळे होते. सर काय म्हणतायत ते त्यांना बरोबर कळत होतं. एकानंही उठून सांगितलं नाही. उलट बाकीच्यांच्या आधी हसले, कुणी आपल्याला परकं म्हणू नये म्हणून."

तुमचे गणिताचे ते सहकारी, विणकरांच्या घरातले, उभे राहिले. म्हणाले, "खरं आहे वैनी. आमच्या तेलुगूत पण अणुवूच म्हणतात."

"मग त्या दिवशी का हसलात?"

"सगळेच हसले की, वैनी," ते म्हणाले आणि खाली बसले. बिचारे म्हणावं तर तेही म्हणवत नाही. तुमच्या डब्यातली चटणी त्यांनी वर्षानुवर्षं खाल्ली आहे.

अध्यक्ष म्हणाले, वहिनींच्या भावना आपण समजू शकतो, आता दोन मिनिटं शांतता पाळू या. दोन मिनिटं! दोन वर्षं तेच तर पाळत होते सगळे.

पण एवढं बोलून मी अडकले. अर्धं सांगून झालं होतं, अर्धं राहिलं होतं. मला सांगायचं होतं की माझ्या नवऱ्यानं मराठी शब्द चांगला पाठ केला होता, महिनाभर माझ्यासमोर बसून केला होता, आणि तो शब्द तो मला हाक मारताना वापरायचा म्हणून त्याला चारचौघांत म्हणता आला नाही. तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत आबा. तोच फेटा. माझ्याकडे बघत होते, डोळे भरलेले. आणि माझ्या घशात तो शब्द जो रुतला तो रुतला. तुमचं नाव घेतलं, माझं मला घेता आलं नाही. तिथं उभ्या उभ्या मला कळलं की तुम्ही पाणी का प्यायला होतात. मी खाली बसले. राग तेवढ्यापुरता ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

आज सकाळी मी शाळेत गेले. जाऊबाई म्हणाल्या, इतक्यात कशी जातेस, लोक काय म्हणतील? तुमच्या आईंनी भिंतीला टेकूनच हात हलवला, म्हणाल्या, "होगु, होगु." जा. काल सभेत काय झालं ते त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. मी निघताना त्यांनी माझा हात धरून एकदा दाबला.

आठवीचा धडा तुम्ही गेलात त्या दिवशी अर्धा राहिला होता. अणू आणि रेणू. दर वर्षी येतो, त्यात काही नवल नाही. मी फळ्यावर एक गोल काढला, त्याला चिकटून दुसरा काढला. म्हटलं, एकटा असतो तो अणू. मग अणू अणूला धरून राहिला की त्याला काय म्हणायचं?

अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला, "रेणू!"

तुम्ही गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. पोरींना काय ठाऊक, त्यांना धडा पाठ झाल्याचा आनंद. मी फळ्याकडे वळले ते वळलेच. सगळ्या बायका म्हणत होत्या ते रडू शेवटी तिथं आलं, हातात खडू असताना. मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, बरोबर हाय की नाही?" मी तोंड न फिरवताच म्हटलं, "बरोबर आहे. परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं. मी आणखी एकदा म्हणायला लावलं.

किती सोपं होतं हो. पोरींना जमलं.

भरल्या सभेत मी तुमचं नाव घेतलं, सिद्रामप्पा. परत घेते, सिद्रामप्पा. आता तुमची पाळी होती की.